हसा, पण हसू नका

आत्याच्या पंचाहत्तरीला घरात ठरलं, की तिचा एक नीट, फ्रेम करून भिंतीवर लावण्याजोगा फोटो काढायचा. मोबाइलमध्ये ढीगभर फोटो होते, पण प्रत्येकात ती एकतर कोणाला वाढत होती, नाहीतर कोणावर ओरडत होती. म्हणून तिला स्टुडिओत नेलं. फोटोग्राफर विशीतला मुलगा. त्याने दिवे लावले, मागचा पडदा सारखा केला, मला आत्याचा पदर नीट करायला लावला आणि म्हणाला, "आजी, जरा हसा." आत्या हसली. खरोखरच हसली, कारण त्या सगळ्या थाटाचंच तिला हसू येत होतं. "एवढं नको, आजी." आत्या एकदम गंभीर. "अहो, हसा की!" पुन्हा हसली. "दात नका दिसू देऊ." पुन्हा गंभीर. चार-पाच वेळा असं झाल्यावर आत्या माझ्याकडे वळली, "अरे, याला नक्की काय हवंय? हसू की नको हसू?" मुलाने कॅमेरा खाली घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "आजी, स्माइल द्या. फक्त स्माइल."

आत्याला लगेच कळलं.

त्या मुलाला काय हवं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आत्यालाही ते जमत होतं. अडलं होतं ते शब्दाशी. ओठ मिटलेले, गाल किंचित वर आलेले, आवाज नाही, असा चेहरा करण्यासाठी मराठीत रोजच्या बोलण्यातलं स्वतंत्र क्रियापदच नाही. हिंदीवाल्यांचं हँसना वेगळं आणि मुस्कुराना वेगळं. इंग्रजीत लाफ वेगळं, स्माइल वेगळं. आपल्याकडे बाळ पाळण्यात ओठ हलवतं तेही हसतं आणि तमाशातल्या सोंगाड्यावर अख्खा तंबू लोळतो तोही हसतो. (हिंदीच्या मुस्कुरानाशी आवाजाने जुळणारा आपल्याकडचा शब्द म्हणजे मुसमुसणे. त्याचा अर्थ रडणे.)

ही अडचण फोटोपुरतीच नाही. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने पहिली अणुचाचणी केली. ती जगभर 'स्मायलिंग बुद्धा' या सांकेतिक नावाने ओळखली जाते. मराठीत आपण सांगतो, 'बुद्ध हसला'. आणि दुकानाच्या गल्ल्यावर, नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात जो ढेरपोट्या, खदाखदा हसणारा बाबाजी ठेवतात, तो 'लाफिंग बुद्धा'. त्यालाही मराठीत हसरा बुद्धच म्हणावं लागतं. खरं तर तो बुद्ध नव्हेच. तो बुदाई नावाचा, झोळी घेऊन हिंडणारा चिनी भिक्षू. एकीकडे शांत, मिटल्या ओठांची मूर्ती आणि दुसरीकडे हा पोट धरून हसणारा भिक्षू, आणि दोघांना मराठीने एकाच क्रियापदात बसवलं. इंग्रजीत असा घोळ होत नाही.

पण म्हणून मराठी माणसाला हसण्याच्या छटा कळत नाहीत असं कोणी म्हणू लागलं, तर त्याने जरा घरात कान देऊन ऐकावं. आपण क्रियापद एकच ठेवलं आणि सगळं काम त्याच्या आजूबाजूच्या शब्दांवर सोपवलं. बाळ खुदकन हसतं. वर्गात दाबून ठेवलेलं हसू फिस्कन बाहेर पडतं. खो खो हसणाऱ्याचा राग येत नाही, फिदीफिदी हसणाऱ्याचा येतो. मुली खिदळतात, निदान त्यांच्यावर डाफरणाऱ्यांच्या मते तरी. पकडले गेलो की आपण ओशाळं हसतो, पैसे परत मागितले की समोरचा कसनुसं हसतो आणि ज्याला सगळं आधीच माहीत होतं, तो छद्मी हसतो. छद्म म्हणजे सोंग, पांघरूण. छद् म्हणजे झाकणे. छत्र आणि आच्छादन त्याच धातूचे. तेव्हा छद्मी हसणं म्हणजे वरून पांघरूण घातलेलं हसणं. इंग्रजीतल्या 'स्मर्क'ला मराठीत इतका नेमका शब्द मिळतो, आणि स्माइलला मिळत नाही, ही गंमतच.

स्माइलसाठी मराठीने जी युक्ती काढली आहे, ती मला फार आवडते. आपण म्हणतो, 'गालातल्या गालात हसली'. किंवा ओठांतल्या ओठांत. आजोबा मिशीतल्या मिशीत हसतात. या रचनेकडे नीट बघा. 'घरातल्या घरात भांडण मिटवलं', 'गावातल्या गावात मुलगी दिली', 'आतल्या आत जळत राहिला'. जिथे गोष्ट सुरू झाली तिथेच ती राहिली, कुंपणाबाहेर गेली नाही, हे सांगायला मराठी तोच शब्द दोनदा वापरते. म्हणजे मराठीच्या दृष्टीने स्मित ही वेगळी क्रिया नाहीच. ते हसणंच आहे, फक्त गालाच्या उंबऱ्याबाहेर न पडलेलं.

यात आपण एकटे नाही. फ्रेंचमधला स्मितवाचक शब्द 'सुरीर' लॅटिनच्या 'सुब्रिदेरे'पासून आला. त्याचा अर्थ साधारण 'खालच्या पट्टीत हसणे'. जर्मन 'लेखेल्न' म्हणजे छोटं हसणं. प्राचीन रोमच्या अभ्यासक मेरी बिअर्ड यांनी रोमन लोकांच्या हसण्यावर २०१४ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी असं मांडलं, की आपण ज्याला स्मित म्हणतो तशी सामाजिक चाल रोमन संस्कृतीत नव्हतीच. ओठांचे कोपरे त्यांचेही वर जात असतील, पण त्याला ते काही खास अर्थ देत नसत. हे वाचून मी थोडा दचकलो, पण नंतर वाटलं, शब्द नाही म्हणून गोष्टच नाही असं जपूनच म्हणावं. आत्याकडे शब्द नव्हता. चेहरा होता.

मग 'स्मित' हा शब्द आहे तो कुठला? तो मराठी आहेच, शब्दकोशात आहे, कथा-कादंबऱ्यांत तर पानोपानी आहे. पण तो पुस्तकातून आलेला आहे. 'काल बसस्टॉपवर जोशी भेटले, त्यांनी स्मित केलं' असं कोणी चहा पिताना बोलत नाही. हा संस्कृत शब्द जसाच्या तसा उचललेला, म्हणजे तत्सम. मूळ धातू स्मि, अर्थ थोडंसं हसणे. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात तो 'ष्मिङ्' असा नोंदवला आहे. सुरुवातीचा ष वापरताना स होतो आणि शेवटचा ङ् ही एक खूण आहे. ती सांगते, की हा धातू आत्मनेपदी चालवायचा. म्हणून रूप होतं स्मयते. उलट हस् हा परस्मैपदी: हसति. परस्मैपद म्हणजे दुसऱ्यासाठीचं पद, आत्मनेपद म्हणजे स्वतःसाठीचं. हसणं दुसऱ्यासाठी आणि स्मित आपल्यापुरतं! वैयाकरण लगेच बजावतील, की प्रत्येक धातूच्या बाबतीत ही नावं शब्दशः घ्यायची नसतात, आणि ते खरंच आहे. पण या एका जोडीपुरती ती इतकी चपखल बसतात, की गालातल्या गालात हसू येतं.

धातू जुना आहे. ऋग्वेदात उषा, म्हणजे पहाट, स्मित करते. रामायणात रामाचं वर्णन आहे, की तो कोणाशीही बोलताना आधी स्मित करी आणि मग बोले. पण स्मिचा सगळा प्रवास असा गोड नाही. त्याच्यापासून झालेला 'स्मय' हा शब्द संस्कृतात गर्व, ताठा या अर्थानेही वापरतात. भर्तृहरीने नीतिशतकाच्या सुरुवातीलाच तक्रार केली आहे, की जाणकारांना मत्सराने ग्रासलंय आणि सत्तावाल्यांना या स्मयाने. सत्तेतल्या माणसाच्या ओठांवरची ती बारीक रेघ त्याने जवळून पाहिलेली दिसते.

आणि स्मिला वि हा उपसर्ग लागला, की होतो विस्मय. इथे गोष्ट खरी रंगते. स्मित आणि विस्मय एकाच घरातले आहेत हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. विस्मय म्हटलं की आपल्याला आठवते ती गीतेच्या अकराव्या अध्यायातली, विश्वरूप पाहून विस्मयाविष्ट झालेल्या अर्जुनाची स्थिती. त्यात हसण्यासारखं काय आहे? पण अचाट काही दिसलं की चेहऱ्याचं काय होतं ते आठवा. जत्रेत जादूगाराने रुमालातून कबुतर काढलं, की पोरांचे ओठ सुटतात, डोळे मोठे होतात आणि गाल वर चढतात. ते हसू आहे की आश्चर्य, हे सांगता येत नाही. हसण्याला जेव्हा काही कारण सापडत नाही, तेव्हा त्याला विस्मय म्हणत असावेत.

पाणिनीने तर पुढे जाऊन या धातूला भीतीच्या शेजारी बसवलं आहे. भी आणि स्मि या दोन धातूंसाठी मिळून त्याचं एक सूत्र आहे. 'घाबरवतो' किंवा 'चकित करतो' अशी प्रयोजक रूपं करायची असतील आणि घाबरवणारा माणूस स्वतःच त्या भीतीचं कारण असेल, तर आत्मनेपद वापरायचं. काशिका या टीकेत त्याची उदाहरणं आहेत जटाधारी आणि मुंडण केलेल्या माणसाची. म्हणजे कोणी दांडा दाखवून घाबरवलं तर रूप एक, आणि नुसत्या त्या जटाधाऱ्याला पाहूनच आपण दचकलो तर रूप दुसरं. एवढ्या बारकाईने दचकण्याचा विचार करणाऱ्या माणसाने धातूंची जोडी लावताना भी आणि स्मि जवळ घेतले, याला काही अर्थ असलाच पाहिजे. लहान मुलाला 'भॉ' केलं की आधी दचकतं आणि मग हसतं, तेवढाच.

स्मित मराठीत थेट बोलण्यातून का आलं नाही, याचं उत्तर आवाजात आहे असं मला वाटतं. स्म हे जोडाक्षर प्राकृतांना पेललं नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात नियमच आहे, की स्म, ष्म यांचं म्ह होतं. ग्रीष्माचं गिम्ह, विस्मयाचं विम्हय. आपलं 'आम्ही' याच वाटेने आलं आहे: अस्मे, अम्हे, आम्ही. शब्दाच्या सुरुवातीलाच स्म आलं की आणखी पंचाईत. पालीत स्मितचं एका बाजूने 'सित' झालं आणि दुसऱ्या बाजूने 'मिहित'. त्यातल्या सितचा अर्थ पांढरा असाही होतो. पाली सुत्तांत एक प्रसंग पुन्हा येतो: चालता चालता एका ठिकाणी बुद्ध स्मित करतात आणि त्यांचा शिष्य आनंद विचारतो, भगवंत, तथागत कारणाशिवाय स्मित करत नाहीत, मग आज काय झालं? आणि मग त्या जागेची जुनी गोष्ट सुरू होते. तिथे सित हा शब्द आहे. पोखरणच्या बुद्धासाठी आपल्याला जो शब्द हवा होता, तो तिथे पालीत अडीच अक्षरांत, किंबहुना दोनच अक्षरांत तयार होता. तो बोलीतून घासत घासत आपल्यापर्यंत पोचला नाही. हसणे मात्र पोचलं, कारण त्यात घासून बिघडण्यासारखं काही नव्हतंच.

आता जरा लांब जाऊ. संस्कृत स्मि ज्या जुन्या भारोपीय कुळातला आहे, त्याची पाती सगळ्या युरोपभर पसरलेली आहेत. लॅटव्हियन आणि रशियन भाषांत या कुळातले शब्द चांगलं खळखळून हसण्याचे झाले. रशियनमध्ये 'स्म्येख' म्हणजे हसणं. ग्रीकमध्ये सुरुवातीचा स गळून गेला, पण जाताना खूण ठेवून गेला. होमरच्या काव्यात अफ्रोदिते या प्रेमदेवतेचं एक विशेषण आहे, 'फिलोम्मेइदेस', म्हणजे जिला स्मित प्रिय आहे ती. त्यातला म दुहेरी का? कारण तिथे कधीकाळी स्म होतं. स गेला आणि त्याची जागा म ने भरून काढली. आपल्या प्राकृतांतही स असाच गडप झाला, ते आठवून हे वाचलं की शेजारच्या घरातही नळ तसाच गळतो हे कळल्यासारखं वाटतं.

लॅटिनमध्ये तर या कुळाने विस्मयाचीच वाट धरली. 'मिरुस' म्हणजे अद्भुत, 'मिरारी' म्हणजे आश्चर्याने पाहणे. याचा संबंध अभ्यासक याच धातूशी लावतात. तिथूनच इंग्रजीतलं मिरॅकल आलं, ॲडमायर आलं, मार्व्हल आलं. आणि आश्चर्याने पाहता पाहता अर्थ नुसत्या पाहण्यावर आला, तेव्हा जुन्या फ्रेंचमार्गे मिरर आला, म्हणजे आरसा. वाळवंटातलं मृगजळ, मिराज, तेही तिथलंच. मराठी आरसा मात्र सरळ पाहण्यापासून निघालेला: आदर्श, मग आरिसा, मग आरसा. आदर्श विद्यार्थी म्हणजे मुळात आरशासारखा विद्यार्थी. त्याच्यात पाहून इतरांनी आपला भांग नीट करायचा.

आणि इंग्रजीतलं स्माइल? ते इंग्रजीत साधारण १३०० च्या सुमारास दिसू लागलं. बहुधा स्कँडिनेव्हियातून आलेलं. डॅनिशमध्ये आजही ते 'स्मिले' आहे. त्याआधी इंग्रजांकडे स्मितासाठी एक चांगला, घरचा शब्द होता, 'स्मेआर्किअन'. नवी सून आली आणि तिने जुनीला माजघरात ढकलावं तसं झालं. स्माइलने चांगला अर्थ घेतला आणि जुना शब्द 'स्मर्क' होऊन आत्मसंतुष्ट, खोटं हसणाऱ्यांच्या वाट्याला आला.

तर स्टुडिओतल्या त्या मुलाने 'स्माइल द्या' म्हटलं तेव्हा त्याने काय केलं बघा. स्मित हा शब्द शतकानुशतकं पोथ्यांत आणि कादंबऱ्यांत बसून राहिला, मराठी माणसाच्या तोंडी काही रुळला नाही. त्याची दूरची चुलत बहीण उत्तर समुद्राकाठी वाढली, इंग्रजीत नांदली, शाळा-कॉलेजांतून आणि सिनेमांतून इथे आली, आणि पंचाहत्तरीच्या आत्यालाही ती लगेच समजली. कॉलेजच्या कट्ट्यावर तर तिला केव्हाच स्त्रीलिंग मिळालं आहे: 'तिने मला स्माइल दिली.' भाषाशुद्धीवाल्यांनी यावर कितीही आठ्या घातल्या, तरी घरातली जागा रिकामी होती आणि नात्यातलंच माणूस येऊन बसलं, असं मी म्हणेन.

चेहऱ्यावर नेमकं काय होतं याचा मात्र सगळ्यात बारीक हिशोब आपल्याकडेच मांडला गेला, आणि तोही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, नटांसाठी. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार आहेत. पहिलं स्मित: गाल किंचित फुललेले, नजर छान टाकलेली, दात न दिसणारे. दुसरं हसित: तोंड आणि डोळे फुललेले, दात जरासे दिसणारे. मग विहसित, ज्यात गोड आवाज येतो, चेहऱ्यावर लाली येते आणि डोळे-गाल आक्रसतात. मग उपहसित: नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोकं झुकलेलं. आजच्या उपहासाचं हे चित्रच. पाचवं अपहसित, नको तिथे आलेलं, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदणारे. आणि सहावं अतिहसित: चढा आवाज, डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे.

इथे माझं भरतमुनींशी पटत नाही. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'ला लोक कुशी धरून हसले, डोळे पुसत घरी गेले. त्यात वकील, डॉक्टर, गिरणीकामगार सगळे होते. त्यांना अधम म्हणणार? हसण्याच्या आवाजावरून माणसाची प्रत ठरवायची ही खोड दरबारातली आहे. पण ती टिकली मात्र फार. पायरी ठरवण्याची भरताची खूण पाहा: दात. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात जरा दिसतात. आणि आपल्याकडे मोठी माणसं पोरांना काय म्हणून दटावतात? 'दात काय काढतोस?' 'बत्तिशी दाखवू नको.' नाट्यशास्त्राचं नावही न ऐकलेल्या आजीने नाट्यशास्त्रातली हद्द बरोबर राखलेली असते.

हद्द तीच इतरत्रही होती. १७८७ साली पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, एलिझाबेथ विजे-ल ब्रं या चित्रकर्तीने आपल्या लहान मुलीला कुशीत घेतलेलं स्वतःचं चित्र लावलं. चित्र देखणं, पण बोभाटा झाला. कारण तिने ओठ किंचित उघडे ठेवून आपले पांढरे दात दाखवले होते. सभ्य बाईने असं करायचं नसतं, असं त्या काळच्या कलारसिकांचं मत पडलं. आत्याचा तिच्याशी काही संबंध नाही, पण आत्या तिला हेच म्हणाली असती.

पॅरिसमध्येच पुढे गियोम द्युशेन नावाच्या डॉक्टरने चेहऱ्यावर विजेच्या तारांची टोकं टेकवून एकेक स्नायू आकसवून पाहिला. ज्या म्हाताऱ्यावर त्याने बहुतेक प्रयोग केले, त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली होती, त्यामुळे त्याला दुखत नव्हतं. १८६२ मध्ये द्युशेनचं पुस्तक छायाचित्रांसकट निघालं आणि दहा वर्षांनी डार्विनने भावनांच्या आविष्कारावरच्या आपल्या ग्रंथात त्यातली छायाचित्रं वापरली. द्युशेनच्या म्हणण्याचं सार असं: ओठांचे कोपरे वर ओढतो तो गालाच्या हाडापासून निघणारा एक स्नायू, आणि तो आपल्या हुकमात असतो. पण डोळ्याभोवती गोल फिरलेला जो स्नायू खालची पापणी उचलतो आणि कडेला सुरकुत्या पाडतो, तो सहसा हुकूम मानत नाही. खरा आनंद झाला तरच हलतो. म्हणून खऱ्या हसण्याला शास्त्रात आजही द्युशेनचं नाव आहे. गालावर खळी पडते तीही बऱ्याचदा त्या पहिल्या स्नायूच्या टोकाला दोन फाटे फुटल्यामुळे. आता भरताचं स्मित पुन्हा वाचा: गाल फुललेले आणि नजर छान. डोळे आणि गाल दोन्ही त्याने धरले होते. ओठांचा उल्लेखच नाही.

'तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही' असं वाक्य हल्ली मराठी कादंबऱ्यांत फार दिसतं. ते इंग्रजीतून उतरलेलं आहे. मराठीत ते 'वरवर हसली', 'कोरडं हसली' असं होतं, आणि तीन शब्द वाचतात.

एक गैरसमजही दूर करायला हवा. स्मिता, सुस्मिता, शुचिस्मिता ही नावं स्मितावरून आली. शुचिस्मिता म्हणजे जिचं स्मित निर्मळ आहे ती. पण अस्मिता या घरातली नाही. ती दिसते अशी, की कोणाला वाटावं अ-स्मिता म्हणजे न हसणारी. ती आहे अस्मि-ता. अस्मि म्हणजे 'मी आहे', त्याचा भाव तो अस्मिता. पतंजलीने योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले, त्यातला दुसरा क्लेश हा. आज तो शब्द फलकांवर आणि घोषणांत मोठ्या अभिमानाने मिरवतो. क्लेशाचा मान झाला. तरी व्यासपीठावर अस्मितेचं भाषण चालू असताना वक्त्याचा चेहरा पाहिला, की ती चुकीची व्युत्पत्तीच खरी वाटू लागते.

मोबाइलमुळे आता सगळ्या प्रकारांची चित्रंच झाली आहेत. पिवळा हसरा गोल चेहरा १९६३ मध्ये अमेरिकेत हार्वे बॉल नावाच्या चित्रकाराने एका विमा कंपनीसाठी काढला, मोबदला ४५ डॉलर. भरताने हास्यरसाला रंग दिला होता पांढरा, म्हणजे सित. पालीतल्या स्मिताचंच नाव. पिवळा रंग त्याने दिला अद्भुताला, ज्याचा स्थायीभाव विस्मय. बॉलला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. आणि ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१५ चा 'वर्षाचा शब्द' म्हणून कोणतं चित्र निवडलं? हसता हसता डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. म्हणजे भरताच्या यादीत अधमांकडे गेलेला. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आत्या सकाळच्या नमस्कारालाही तोच पाठवते.

फोटो छान आला. ओठ मिटलेले, गाल वर, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या. तो आता दिवाणखान्यात आहे. आलेगेले म्हणतात, काय छान हसल्या आहेत आत्या. स्मित छान आहे असं अजून एकही जण म्हणालेला नाही.

म्हणून कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांना एक विनंती. 'तिने स्मितहास्य केले' हे लिहिणं सोडा. स्मित म्हणजेच हसणं, त्याला पुन्हा हास्य जोडणं हे पिवळ्या पीतांबरासारखं आणि गाईच्या गोमूत्रासारखं आहे. ती गालातल्या गालात हसली असेल तर तसं लिहा. आणि तेवढी जागा नसेल, तर नुसतं 'ती हसली' लिहा. किती हसली ते मराठी वाचकाला मागच्या वाक्यावरून कळतं.